मागच्या चाकांची सुनावणी

वकीलसाहेबांच्या घरी नळ गळायला लागला तर प्लंबरला फोन करण्याआधी नळाची बाजू ऐकून घेतली जायची. चेष्टा करत नाहीये मी. ते बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून बसायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि काकूंना विचारायचे, हा नळ नक्की केव्हापासून गळतो, तेव्हा जवळ कोण होतं, याआधी त्यानं असं कधी केलं होतं का. काकू नळाखाली बादली सरकवून निघून जायच्या. मग माझी पाळी. मी वरच्या मजल्यावरची भाडेकरू. कॉलेजला उशीर होऊन राहिलेला, केस ओले, आणि हे मला विचारून राहिले की मॅडम, तुम्ही गणित शिकवता, तर दोन थेंबांमधलं अंतर सकाळी जास्त असतं की संध्याकाळी.

घरात, गल्लीत, कोर्टात सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणायचे. काकूसुद्धा. ‘वकीलसाहेब, जेवाले या,’ अशी स्वयंपाकघरातून हाक यायची. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे मला तिथं राहिले तेवढी वर्षं काही कळलं नाही.

मी मूळची अकोल्याची. अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली आणि खोली शोधायला निघाले, तेव्हा आडनाव विचारणारे पुष्कळ भेटले. गोड बोलायचे, पाणी द्यायचे, आणि आडनाव ऐकलं की खोली एकदम पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली निघायची. एका ठिकाणी तर तोवर नसलेला मुलगा पुण्याहून परत येणार असल्याचं निघालं. आमच्या आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, वडील सरकारी नोकरीतून सन्मानानं रिटायर झाले, मी एमएस्सी केलं, आणि तरी रुक्मिणीनगरातल्या पायऱ्या चढताना माझं तोंड कोरडं पडायचं. वकीलसाहेबांनी आडनाव विचारलंच नाही. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, तुम्ही भांडता का? मी इतकी वैतागलेली होते की म्हटलं, हो, भांडते. ‘मग सामान आणा,’ म्हणाले. न भांडणाऱ्या माणसाचा त्यांना भरवसा वाटायचा नाही म्हणे. त्या संध्याकाळी मी आईला फोन केला आणि खोली मिळाली एवढंच सांगताना मला रडू आलं. पुढं बुद्धाच्या फोटोसाठी खिळा ठोकायला ते स्वतः हातोडी घेऊन वर आले. फोटो भिंतीच्या बरोबर मध्ये आहे की नाही यावर मग आमचं अर्धा तास भांडण झालं.

भांडायचं, पण त्यांच्या पद्धतीनं. एक मुद्दा मांडायचा, तेवढ्याचाच निकाल घ्यायचा. मी एकदा खाली जाऊन सांगितलं की वर पाणी चढत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मोटर लावली. जाता जाता मी म्हटलं, आणि ती खिडकीही लागत नाही. झालं! ‘खिडकीचा मुद्दा मूळ अर्जात नाही.’ नाहीच पाहिली खिडकी. रात्रभर ती आपटत राहिली. सकाळी दूधवाल्याच्या आधी दारावर टकटक, आणि बाहेर पेचकस घेऊन हे उभे. खिडकीबाबत आपलं काय म्हणणं आहे?

दुसरं म्हणजे ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेले नव्हते. एकदा काकू माहेरी अंजनगावला गेल्या असताना त्यांनी मला चहाला बोलावलं आणि साखर समजून मीठ घातलं. मी पहिल्या घोटाला कप खाली ठेवला. ते माझ्याकडे बघत, भुवई न हलवता, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. वर म्हणाले, उन्हाळ्यात अंगातलं मीठ कमी होतं.

अशा माणसाकडे जीप होती. लिलावातून घेतलेली, कधीकाळी हिरवी असलेली, दारं नाहीत, वर ताडपत्री, फोर व्हील ड्राइव्ह. रविवार आला की हे जीप काढायचे आणि मेळघाटाच्या वाटेला लागायचे. शिकार नाही, फोटो नाही, दारू तर नाहीच. नाल्यातून गाडी घालायची, चिखलातून काढायची, एखाद्या सागाखाली बसून काकूंनी दिलेली भाकर खायची आणि परत यायचं. मी दोन-तीनदा गेले सोबत. प्रत्येक वेळी मागच्या आडव्या बाकड्यावर बसले, कारण पुढं ड्रायव्हरच्या शेजारी बसायची कुणालाच परवानगी नव्हती. ती डावी सीट काकूंची. त्यावर जुन्या लुगड्यांची शिवलेली गादी होती, तीही काकूंचीच. फक्त काकू तिच्यावर बसत नव्हत्या.

त्याचं कारण मला काकूंनी भाजी निवडता निवडता सांगितलं. मी राहायला यायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. दोघं सेमाडोहकडून परत येत होते. नाल्यावरच्या रपट्यावरून पाणी वाहून राहिलं होतं, वकीलसाहेबांनी मोठ्या ऐटीत गाडी पाण्यात घातली आणि पलीकडे काढली. त्या गाडीला पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते, मागच्या चाकांना जुने ड्रम. पुढं रस्ता उताराचा. वळणावर ब्रेक दाबला तर मागची चाकं धरेचनात, ड्रममध्ये पाणी आणि गाळ शिरलेला. एकट्या पुढच्या ब्रेकांवर गाडी आवरली नाही आणि जीप डोंगराच्या बाजूला मातीच्या दरडीत जाऊन घुसली. डाव्या बाजूला दरड होती म्हणून बरं, उजव्या बाजूला काही नव्हतं. दोघांनाही खरचटलंसुद्धा नाही. वकीलसाहेब म्हणाले, रस्त्याचा उतार चुकीचा आहे. काकू उतरल्या, पदर खोचला, मागून आलेल्या काळी-पिवळी टॅक्सीला हात दाखवून परतवाड्यापर्यंत आल्या आणि तिथून एसटीनं घरी. हे ट्रॅक्टर आणून, गाडी ओढून काढून दिवेलागणीला पोचले, तर काकूंनी पिठलं-भाकर करून ठेवलेली होती. ‘गाडी जिथं थांबवली तिथं थांबन, त्या दिवशी बसीन,’ एवढंच त्या म्हणाल्या आणि वाढायला बसल्या. त्यावर त्या दोघांत पुन्हा एक शब्द झाला नाही.

पण त्यानंतर जे चाललं होतं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. अंजनगावला काकूंच्या भाच्याचं लग्न होतं. मलाही आग्रहाचं बोलावणं. काकू आणि मी एसटीत, मागच्या सीटवर. आणि एसटीच्या मागे वकीलसाहेबांची जीप. ओव्हरटेक करणार नाहीत, मागे पडणार नाहीत. एसटी स्टॉपवर थांबली की जीप थांबायची. आमच्या ड्रायव्हरला वाटलं, कुणी साहेब चौकशीला लागला. मी मागच्या काचेतून पाहिलं तर हे धुळीत डोळे बारीक करून गाडी हाकून राहिलेले, शेजारी ती रिकामी गादी. मी काकूंना म्हटलं, बघा तरी. काकू समोर बघत म्हणाल्या, ‘मले मायीत हाये.’ त्यांनी मान काही वळवली नाही, पण उतरायच्या वेळी डब्यातले दोन लाडू आधीच बाहेर काढून ठेवले होते. मला हसावं की चिडावं कळेना. एवढं हट्टी जोडपं मी दुसरं पाहिलं नाही.

मग वकीलसाहेबांनी प्रॅक्टिस कमी केली, आणि एका रविवारी अंगणात टेबल मांडलं. हनीफभाई मेकॅनिकला वलगाव रोडवरून बोलावलं. मला वरून खाली बोलावलं. प्रकरण असं होतं की मागचे ड्रम काढून डिस्क बसवावेत का. हनीफभाईंना हा उद्योग नकोच होता, म्हणून ते ड्रमच्या बाजूनं. डिस्कची बाजू मांडायला मी. मी म्हटलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. ते म्हणाले, वकिलाला कळावंच लागतं असं नाही.

हनीफभाईंनी सुरुवात केली. ड्रम म्हणजे बंद डबा, साहेब. आतून दोन शू डब्याच्या भिंतीला फाकून दाबतात आणि चाक धरतात. सगळीकडे सामान मिळते, गरिबाची गाडी याच्यावरच चालून राहिली. मी विचारलं, पण डब्यात पाणी गेलं तर? हनीफभाई प्रामाणिक माणूस. म्हणाले, गेलं तं मंग लवकर निघत नाही. आणि डिस्क? ती उघडी थाळी, चाकाबरोबर फिरते, पाणी फेकून देते, आणि सांडशीनं ताट धरावं तशी तिला कॅलिपर दोन्हीकडून धरतो. मी म्हटलं, माझं म्हणणं संपलं. वकीलसाहेब प्रसन्न झाले. मी जिंकले, याचा मलाही उगाचच आनंद झाला.

तेव्हा हनीफभाई उठता उठता म्हणाले, ‘पण साहेब, हँडब्रेकचं काय? त्याची तार त्या ड्रमलेच जोडली हाये. ड्रम गेला तं तोही गेला.’

वकीलसाहेबांनी हात वर केला. हँडब्रेकचा मुद्दा मूळ अर्जात नाही. आज विचारात घेता येणार नाही.

आम्ही तिघंही हसलो. कारण हँडब्रेक वापरतो कोण? आमच्याकडे कुठलीही जीप चढावर उभी करायची तर गिअरमध्ये टाकतात आणि मागच्या चाकाला दगड लावतात. वकीलसाहेबांच्या जीपमध्येही सीटखाली एक काळा दगड कायम असायचा, कोपरे झिजून गुळगुळीत झालेला. हँडब्रेकचा दांडा त्यांनी शेवटचा कधी ओढला हे त्यांनाही सांगता आलं नसतं. हनीफभाईंनी खांदे उडवले आणि कामाला लागले.

काम त्यांनी गॅरेजमध्ये करायचं, पण नाही. वकीलसाहेबांना ते डोळ्यांसमोर हवं होतं. जीप अंगणात लाकडाच्या ठोकळ्यांवर चढली, मागची चाकं निघाली, आणि माझी स्कूटी तिच्यामागे कोंडली गेली ती दिवाळीपर्यंत. मी दोनदा भांडले. स्कूटीचा स्वतंत्र अर्ज द्या म्हणाले. कॅलिपर मिळेनात. शेवटी मी सुट्टीत अकोल्याला गेले असताना हनीफभाईंच्या ओळखीच्या भंगारवाल्याकडून दुसऱ्या एका गाडीच्या पुढच्या चाकांचे दोन कॅलिपर घेऊन आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, तेलकट, लोखंडाचे गोळे. आईनं पिशवी उचलून पाहिली आणि विचारलं, अवं, हे काय शिकवतं तू कॉलेजात? एसटीत कंडक्टरनं पिशवीला पाय लागला म्हणून मलाच झापलं. मी एका जीपसाठी हे का करून राहिले, असा प्रश्न मला बडनेऱ्यापर्यंत पडला होता. उत्तर मला माहीत होतं. त्या रिकाम्या गादीचा मलाच आता त्रास व्हायला लागला होता.

कॅलिपर बसवायला जाड पत्र्याचे तुकडे गॅसनं कापले, लेथवर भोकं पाडून आणली. चाक लावलं तर रिम कॅलिपरला घासायची, म्हणून चाक जरा बाहेर घ्यायला मध्ये चकत्या टाकल्या. मग ब्रेकच्या नळीतली हवा काढायची. म्हणजे एकानं गाडीत बसून मधला पायडल दाबायचा आणि धरून ठेवायचा, दुसऱ्यानं चाकापाशी कॅलिपरचं बारीक तोंड उघडून हवा काढायची, बंद करायची, मग पायडल सोडायचा. गाडीत मी. चाकापाशी हनीफभाई. मध्ये कमरेवर हात ठेवून वकीलसाहेब. ‘दाबा. धरा. सोडा. दाबा. धरा.’ माझ्या पोटरीत गोळे आले. चाकापाशी ठेवलेल्या बाटलीत बुडबुडे येतच राहिले आणि पायडल गादीसारखा मऊ. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी हनीफभाईंनी कपाळावर हात मारला. उजवा कॅलिपर त्यांनी डावीकडे लावला होता आणि डावा उजवीकडे, त्यामुळे हवा काढायचं तोंड खाली आणि हवा वर अडकलेली. अदलाबदल केली आणि चहा थंड व्हायच्या आत पायडल दगडासारखा कडक झाला. काकू हे सगळे दिवस ओसरीत बसून पाहत होत्या. तांदूळ निवडायचे त्यांचे त्या महिन्यात जरा जास्तच होते.

जीप खाली उतरली. मग गल्लीत चाचणी. वकीलसाहेबांनी रस्त्यावर खडूची रेघ मारली, मागच्या चाकांवर नळीनं पाणी सोडलं, आणि गाडी पळवत आणून रेघेवर उभी केली. पुन्हा चिखल लावून तेच. सगळी गल्ली गोळा झाली. काकू फाटकाशी उभ्या होत्या. तिसऱ्यांदा गाडी रेघेवर थांबली, तेव्हा त्या पुढं आल्या, वाकून मागच्या चाकाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, ‘एकदा बसते. चिखलदऱ्याले जाऊ. पण जिथं थांबवली तिथं नाई थांबली, तं मंग ही गाडी विकाची.’ वकीलसाहेबांनी मान्य केलं. कुठलाही प्रतिवाद नाही. मी इतक्या वर्षांत त्यांना एवढ्या पटकन काही मान्य करताना पाहिलं नव्हतं.

निघायच्या दिवशी मी खाली आले तर वकीलसाहेब सीटखालचा तो काळा दगड काढून तुळशीपाशी ठेवून राहिलेले. मी म्हटलं, राहू द्या ना. म्हणाले, या गाडीला आता दगडाची गरज नाही, आणि काकूंनी तो पाहिला तर त्यांचा विश्वास डळमळेल. काकू आल्या. नेसूचं नारिंगी काठाचं लुगडं, हातात डबा, चेहरा परीक्षेला निघाल्यासारखा. गादीवर बसल्या. वकीलसाहेबांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि किल्ली फिरवली. मी मागं बाकड्यावर, डबा मांडीवर. प्रत्येक गतिरोधकाला काकूंचा हात समोरच्या दांडीवर आवळायचा, प्रत्येक वेळी गाडी शहाण्यासारखी थांबायची, आणि हात जरासा सुटायचा. परतवाडा मागं पडलं, घाट सुरू झाला, तेव्हा काकूंनी चक्क सुपारीची डबी काढली. मला हुश्श वाटलं. म्हटलं, जमलं बाई एकदाचं.

घाट चढताना एका वळणाच्या वर एक काळी-पिवळी उभी दिसली. भांडण चाललं होतं. एक म्हातारा, त्याची बकरी, आणि ड्रायव्हर. ड्रायव्हरचं म्हणणं, बकरी टपावर. म्हाताऱ्याचं म्हणणं, तिला टपावर चक्कर येते. सगळे पॅसेंजर खाली उतरून आपापलं मत देऊन राहिलेले. वकीलसाहेबांनी जीप वळणावरच थांबवली. मला कळलंच, आता हे उतरणार. काकूंनीही डोळे मिटले. वकीलसाहेबांनी इंजिन बंद केलं, गाडी गिअरमध्ये टाकली, आणि मग काकूंना दिसेल अशा थाटात हँडब्रेकचा दांडा करकर करत वर ओढला. दांडा ताठ उभा राहिला. हनीफभाईंचं म्हणणं आम्हा दोघांनाही आठवलं नाही. ‘मॅडम, साक्षीला चला,’ म्हणाले, आणि मी गेले.

बकरीची बाजू ऐकून घेण्यात ते रंगले. मी मागं वळून पाहिलं ते सहज. ऊन डावीकडून येऊन राहिलं होतं, म्हणून काकू गादी घेऊन सरकत ड्रायव्हरच्या सीटवर आल्या होत्या. सरकताना लुगड्याचा काठ गिअरच्या दांड्यात अडकलेला, तो त्यांनी ओढला, तसा गिअर सुटला. आणि जीप मागं निघाली.

आधी अगदी हळू. मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. मग ती वेग घ्यायला लागली. मागं वळण, वळणावर चुना लावलेले दगड, आणि दगडांच्या पलीकडे आभाळ. वकीलसाहेब पळत सुटले. उतारावर, कोल्हापुरी चपला फटाफट वाजवत, एक चप्पल तिथंच राहिली. एवढं बोलणारा माणूस, त्याच्या तोंडातून दोनच शब्द निघत होते. ‘मधला! दाब!’

काकूंना गाडी चालवता येत नव्हती. सायकलसुद्धा नाही. पण त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, दोन्ही पाय उचलले आणि मधल्या पायडलवर उभ्याच राहिल्या. जीप जागच्या जागी रुतल्यासारखी थांबली. मागची दोन्ही चाकं घट्ट. गाडी मागं उतरत होती म्हणजे सगळा भार मागच्याच चाकांवर होता, आणि त्या मागच्याच चाकांनी धरलं. चुन्याचे दगड तिथून हातभर असतील नसतील. टायरखालून एक खडा सुटला आणि खाली गेला, तो पडल्याचा आवाज मी ऐकला नाही.

काळी-पिवळीतले सगळे धावत आले. जो तो दगड आणून चाकांना लावायला लागला, म्हातारासुद्धा, बकरी काखेत. काकू पायडलवरून हलेनात. कुंकू घामानं फरफटलेलं, जबडा घट्ट. म्हणाल्या, आता सोडू का? कुणीतरी म्हटलं, सोडा माय, धा दगड लावले. तेव्हा कुठं त्यांनी एकेक पाय उचलला. गाडी हलली नाही. मी मटकन खाली बसले. मी हसून राहिले होते की रडून, मला काही समजत नव्हतं. काकू शाबूत होत्या, एवढं एकच मनात फिरत होतं.

वकीलसाहेब गाडीच्या बाजूला उभे होते, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी.

‘माझं चुकलं,’ ते म्हणाले. ‘हनीफनं हँडब्रेकचं विचारलं होतं. मी ऐकून घेतलं नाही.’ मग म्हणाले, ‘तू काळी-पिवळीनं खाली जा. मॅडम सोबत येतील. गाडी मी विकतो.’

ड्रायव्हरनं लगेच पुढची सीट रिकामी केली. बकरीचा प्रश्न आपोआप सुटला, ती आतच बसली होती. सगळे काकूंकडे बघत होते. मीही. मला वाटलं, आता या पदर खोचणार. मी डबा उचलून तयारच उभी राहिले.

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. गादी उचलली, झटकली, सरकत सरकत डाव्या सीटवर गेल्या आणि गादी खाली घालून तिच्यावर नीट बसल्या.

‘काहून विकता?’ त्या म्हणाल्या. ‘मी थांबवली तं थांबली ना थे.’

काकूंनी अजून ताठ उभा असलेला हँडब्रेकचा दांडा हातानं खाली केला. ‘हे तेवढं जोडून घ्या हनीफकडून. बाकी गाडी चांगली हाये. चला वर, मले भूक लागली.’